हादरा कुणाचा, भूकंपाचा की सुरुंगाचा?

 

आमच्या भागातल्या गटांच्या बैठकीत हप्ता-व्याजाचा हिशोब संपला की हल्ली एकच विषय निघतो. मांडणीवरची भांडी थरथरली, पत्रा वाजला, भिंतीला बारीक चीर पडली. एक म्हणते, खाणीत सुरुंग उडाला. दुसरी म्हणते, नाही गं, भूकंपच होता. तिसरी म्हणते, सरकार जमिनीखाली काहीतरी करतंय. तेवढ्यात कुणाच्या तरी मोबाईलवर निरोप येतो की आज रात्री मोठा भूकंप होणार. मग लेकरंबाळं घेऊन आख्खी आळी थंडीत पटांगणावर रात्र काढते.

हा प्रश्न आपल्यालाच पडतो असं समजू नका. जमिनीखाली जे झालं तो भूकंप होता की कुणी मुद्दाम केलेला स्फोट, हे शोधायला जगातल्या मोठमोठ्या देशांनी साठ-सत्तर वर्षं घालवली आहेत. त्यांच्यासाठी तो अणुबाँबचा प्रश्न होता, आपल्यासाठी घराच्या भिंतीचा आहे. पण उत्तर शोधायची रीत एकच. आज ती रीत समजून घेऊ.

आधी हादरा आपल्यापर्यंत येतो कसा ते पाहू. विहिरीत खडा टाकला की पाण्यावर लाटा उठतात आणि काठाला लागतात. जमिनीतही तसंच होतं. खडक आपल्याला कडक वाटतो, पण त्यातूनही लाटा जातात. शास्त्रात त्यांना भूकंपलहरी म्हणतात. त्या मुख्यतः तीन तऱ्हांच्या असतात.

पहिली तऱ्हा ढकलणारी. एस.टी.त चढायला रांग लागली आहे आणि मागच्या बाईनं धक्का दिला. ती पुढचीवर जाते, पुढची आणखी पुढचीवर, असा धक्का रांगेतून थेट दारापर्यंत पोचतो. रांगेतली प्रत्येक बाई जरा पुढं-मागं होते, जागा कुणी सोडत नाही. ही प्राथमिक लहर. तिला पी लहर म्हणतात. ती सगळ्यात वेगवान. कठीण खडकातून सेकंदाला साधारण सहा किलोमीटर जाते.

दुसरी तऱ्हा हलवणारी. लांब दोर अंगणात पसरा आणि एका टोकाला आडवा झटका द्या. दोरातून नागमोडी लाट सरकत जाते. इथं धक्का पुढं जातो, पण दोर हलतो आडवा. ही दुय्यम लहर, म्हणजे एस लहर. तिचा वेग पी लहरीच्या निम्म्याहून थोडा जास्त. म्हणून ती नेहमी मागाहून येते. आधी वीज दिसते आणि मग गडगडाट ऐकू येतो, तसंच. या दोघींमधल्या अंतराचा उपयोगही होतो. आपल्या जवळपासचा भूकंप असेल तर पी आणि एस यांच्यात जितके सेकंद गेले त्याला आठनं गुणायचं. भूकंप साधारण तितके किलोमीटर लांब झाला असं समजायचं.

तिसरी तऱ्हा जमिनीच्या पाठीवरून जाणारी. ती सगळ्यात सावकाश येते, पण लांबवर जाते आणि मोठ्या भूकंपात बराच वेळ डोलवत राहते. तिला पृष्ठलहर म्हणतात.

या तिन्ही लहरी भूकंपमापक यंत्रावर वाकड्यातिकड्या रेषेनं उमटतात. ती रेष वाचणारी माणसं असतात, आणि स्फोट की भूकंप हे ती त्या रेषेवरूनच ओळखतात. कसं, ते पाहू.

स्फोट म्हणजे काय? तेलात सोडलेली पुरी आठवा. आतल्या वाफेनं ती टम्म फुगते. स्फोटातही एका जागी एकदम प्रचंड दाब तयार होतो आणि तो सगळ्या बाजूंना सारखाच बाहेर ढकलतो. वर, खाली, पूर्वेला, पश्चिमेला, सगळीकडं ढकलणंच.

भूकंपाचं तसं नाही. जमिनीच्या पोटात खडकांना मोठमोठ्या भेगा असतात. त्यांना भ्रंश म्हणतात. भेगेच्या दोन्ही बाजूंचे खडक वर्षानुवर्षं एकमेकांवर दाबलेले असतात, ताण साठत जातो आणि एके दिवशी ते एकमेकांवरून घसरतात. तुमचे दोन्ही हात नमस्कारासारखे जोडा, बोटं समोर करा, आणि उजवा हात पुढं, डावा हात मागं सरकवा. भूकंप म्हणजे हे घसरणं. फुगणं नव्हे.

आता ओळखीच्या खुणा याच फरकातून निघतात. मी चार सांगते.

पहिली खूण म्हणजे पी आणि एस यांचा जोर. स्फोट ढकलतो, म्हणून ढकलणारी पी लहर ठसठशीत उमटते आणि आडवं हलवणारी एस लहर त्या मानानं फिकी पडते. अगदीच नसते असं नाही, कारण खडक सगळीकडं एकसारखा नसतो, लहर जाता जाता वाकते, मोडते. भूकंपात घसरणं असतं, म्हणून एस लहर जोरदार. कागदावर भूकंपाची रेष बारीक सुरू होऊन मग दांडगी होते. स्फोटाची रेष सुरुवातीलाच उसळते आणि मग उतरत जाते.

दुसरी खूण म्हणजे पहिल्या धक्क्याची दिशा. स्फोट सगळीकडं ढकलतो, त्यामुळं चारी दिशांच्या यंत्रांवर रेषेची पहिली हालचाल वरच्या बाजूलाच होते. भूकंपात तसं होत नाही. पुन्हा तुमच्या हातांकडं बघा. उजवा हात पुढं गेला, तर त्याच्या पुढं उभी असलेली बाई ढकलली जाईल आणि मागची ओढली जाईल. डाव्या हाताचं उलटं होईल. म्हणून भूकंपात काही यंत्रं पहिल्यांदा वर जातात, काही खाली. बऱ्याच ठिकाणची यंत्रं एकत्र पाहिली की हे कळतं.

तिसरी खूण म्हणजे पृष्ठलहर. भूकंपात मोठी भेग सरकते, मोठ्या भूकंपात तर कित्येक किलोमीटरची. त्यामुळं सावकाश डोलणाऱ्या पृष्ठलहरी भरपूर निघतात. स्फोट छोट्या जागेत आणि पापणी लवायच्या आत होतो. म्हणून सुरुवातीचा धक्का सारखाच असला तरी स्फोटाच्या पृष्ठलहरी भूकंपापेक्षा कमी भरतात. या दोन मापांची तुलना ही फार वर्षांपासूनची भरवशाची कसोटी आहे.

चौथी खूण म्हणजे खोली. माणसानं आजवर खणलेलं सगळ्यात खोल भोक रशियात कोला इथं आहे, जवळजवळ बारा किलोमीटरचं, आणि ते खणायला कित्येक वर्षं लागली. म्हणून एखादा हादरा तीस किंवा शंभर किलोमीटर खोलवरून आला असं निघालं, तर तो माणसाचा असूच शकत नाही. स्फोट वरवरचा असतो. भूकंप मात्र वरवरचाही असू शकतो आणि खोलही. म्हणजे खोल असेल तर भूकंप नक्की, पण उथळ असेल तर बाकीच्या खुणा पाहाव्या लागतात.

आता खऱ्या गोष्टी ऐका.

राजस्थानात पोखरणजवळ आपल्या देशानं १८ मे १९७४ ला पहिली अणुचाचणी केली आणि ११ मे १९९८ ला दुपारी पावणेचारला पुन्हा केली. चाचणीच्या जागेजवळ खेतोलाई नावाचं गाव आहे. १९९८ ला तिथल्या लोकांना घराबाहेर थांबायला सांगितलं होतं. हादऱ्यानं घरांना तडे गेले. या चाचणीची लहर जगभरच्या यंत्रांवर उमटली, मोजणी भरली ५.२. पाकिस्तानात इस्लामाबादजवळ निलोर इथं एक भूकंपमापक यंत्र आहे, पोखरणपासून सुमारे ७४० किलोमीटरवर. त्याच यंत्रावर एप्रिल १९९५ मध्ये आपल्या बाजूला झालेल्या एका भूकंपाची रेषही होती. शास्त्रज्ञांनी दोन्ही रेषा एकाखाली एक ठेवल्या. स्फोटाच्या रेषेत पी लहर उंच आणि एस लहर फिकी, भूकंपाच्या रेषेत एस लहर पीपेक्षा जोरदार. शाळेतल्या पोरीनंही बोट ठेवून सांगावं इतका फरक. यंत्र त्यांच्या देशात, चाचणी आपल्या देशात, पण खडकातली लाट सरहद्द बघत नाही.

ही विद्या वाढली कशी तेही ऐकण्यासारखं आहे. १९५७ साली अमेरिकेनं नेवाडाच्या वाळवंटात पूर्णपणे जमिनीत बंदिस्त अशी पहिली अणुचाचणी केली. पुढं १९६३ साली हवेत, पाण्याखाली आणि अवकाशात चाचण्या करायच्या नाहीत असा करार झाला. जमिनीखालच्या चाचण्या मात्र त्यातून सुटल्या. प्रश्न आधीपासूनच होता, समोरचा देश जमिनीखाली काय करतो ते कळणार कसं? म्हणून अमेरिकेच्या पुढाकारानं जगभर शंभराच्या वर ठिकाणी एकसारखी यंत्रं बसली. आपल्याकडंही कर्नाटकात गौरीबिदनूरला भाभा अणुसंशोधन केंद्रानं साठच्या दशकात ब्रिटिशांच्या मदतीनं यंत्रांची ओळ उभी केली. यंत्रं बसवली संशयापोटी, पण रोजचे भूकंपही त्यांच्यावर उमटत गेले. पृथ्वीवर भूकंप कुठल्या पट्ट्यात होतात आणि जमिनीचे मोठे तुकडे कसे सरकतात, हे त्या नोंदींमुळं जगाला नीट कळलं. शेजारणीवर नजर ठेवायला वही केली आणि त्या वहीतून आपल्याच घराचा नकाशा सापडला, असं झालं.

पुढं १९९६ साली सगळ्याच अणुचाचण्यांवर बंदी घालणारा करार तयार झाला. भारतानं त्यावर सही केलेली नाही. तो अजून पूर्णपणे लागू झालेला नाही, पण त्याच्यासाठी आखलेलं जाळं काम करतं आहे. त्यात भूकंपाची १७० केंद्रं आहेत. शिवाय समुद्रातला आवाज ऐकणारी, हवेतला मंद गडगडाट टिपणारी आणि किरणोत्सारी वायू हुंगणारी केंद्रंही आहेत. हुंगणारी का लागतात? कारण लहर एवढंच सांगते की हा स्फोट होता. तो अणूचा होता की साध्या दारूचा, हे ती खात्रीनं सांगू शकत नाही. ते हवेत निसटलेल्या वायूवरून कळतं.

३ सप्टेंबर २०१७ ला उत्तर कोरियानं डोंगराखाली चाचणी केली. अमेरिकेच्या मोजणीत ती ६.३ भरली. साडेआठ मिनिटांनी तिथूनच दुसरा हादरा आला, ४.१ चा. लोकांना वाटलं, दुसरा बाँब. पण या वेळी खडक बाहेर ढकलला न जाता आत गेल्याची खूण होती. म्हणजे स्फोटानं पोकळ झालेला डोंगर आत बसला होता. त्याच महिन्यात २३ तारखेला त्याच भागात आणखी एक लहान हादरा झाला. चीनच्या केंद्रानं आधी संशयित स्फोट म्हणून कळवलं. जगभर घबराट झाली. मग लहरी नीट तपासल्या आणि तो भूकंपच ठरला.

अशी घाई आधीही झाली होती. ऑगस्ट १९९७ मध्ये रशियाच्या उत्तरेला कारा समुद्राखाली एक लहान हादरा झाला. जवळच्या बेटावर रशियाचं जुनं चाचणीचं ठिकाण होतं, म्हणून अमेरिकेत काहींनी रशियानं चोरून चाचणी केल्याचा संशय घेतला. प्रत्यक्षात हादरा त्या चाचणीच्या ठिकाणापासून शंभराहून जास्त किलोमीटर लांब समुद्राखाली झाला होता. काही तासांनी तिथंच आणखी एक बारीक धक्का बसला, जसा भूकंपामागून बसतो. संशय फोल ठरला. मैत्रिणींनो, एवढ्या मोठ्या देशांनाही पहिल्या ऐकिवावर विश्वास ठेवून चालत नाही, तर मोबाईलवरच्या निरोपावर आपण का ठेवावा?

आता आपल्या गावाकडं येऊ.

खाणीतला किंवा विहिरीतला सुरुंग म्हणजे लहानसा स्फोटच. खाणीत बऱ्याचदा एका ओळीत भोकं पाडून ती सेकंदाच्या बारीक भागाच्या अंतरानं उडवतात, त्यामुळं हादरा किंचित लांबतो. पण त्याचा स्वभाव ओळखता येतो. सुरुंग बहुतेक ठरलेल्या वेळेला उडतो, दिवसा उडतो, एकाच दिशेकडून येतो, मोठा आवाज आणि धूळ बरोबर असते, आणि थोड्या अंतरावर गेलं की कळेनासा होतो. भूकंप घड्याळ बघत नाही. मध्यरात्री येतो, सणाच्या दिवशी येतो, आणि बऱ्यापैकी असला तर अनेक गावांना एकाच वेळी जाणवतो. म्हणून हादरा बसला की पहिल्यांदा माहेरी फोन लावा, नणंदेच्या गावाला फोन लावा. तिकडंही त्याच मिनिटाला भांडी वाजली असतील, तर तो शेजारच्या खाणीचा सुरुंग नव्हे.

पण एक सावधगिरी. आपले कान आणि पाय यंत्राची बरोबरी करू शकत नाहीत. पालघर जिल्ह्यात डहाणू-तलासरीकडं नोव्हेंबर २०१८ पासून लहान लहान हादऱ्यांची रांगच लागली. ते भूकंपच होते, पण उथळ असल्यामुळं जमिनीतून सुरुंगासारखा आवाज यायचा. तिथं तज्ज्ञांनी यंत्रं नेऊन बसवली तेव्हा नीट उलगडा झाला. म्हणून नुसत्या आवाजावरून निकाल देऊ नका.

मग गटानं काय करायचं? आपल्याला वही ठेवायची सवय आहेच. बचतीच्या वहीशेजारी हादऱ्यांची एक वही ठेवा. त्यात लिहा: तारीख, मोबाईलमधली अचूक वेळ, कोणत्या वाडीत जाणवलं, एकच दणका होता की काही वेळ थरथर राहिली, आवाज आला का, धूळ दिसली का, दुसऱ्या कोणत्या गावाला जाणवलं. भिंतीला चीर असेल तर तिच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीनं खूण करून तारीख घाला, शेजारी एक नाणं धरून फोटो काढा. महिन्यानं बघा, चीर खुणेच्या पुढं गेली का.

मग राष्ट्रीय भूकंपशास्त्र केंद्राच्या संकेतस्थळावर देशातल्या भूकंपांची यादी असते, ती कॉलेजात जाणाऱ्या मुलीकडून उघडून घ्या आणि आपल्या वेळा जुळतात का पाहा. अगदी बारीक हादरे त्या यादीत नसतीलही. पण तुमच्या वहीत पंधरा हादरे असतील, सगळे दुपारच्या ठरावीक वेळेचे असतील आणि यादीत एकही नसेल, तर वही ग्रामसभेत मांडा. सुरुंग कधी लावला, किती लावला, याची नोंद खाणीला ठेवावी लागते. ती नोंद दाखवा आणि यंत्र लावून हादरा मोजा, अशी मागणी तहसीलदारांकडं आणि जिल्ह्याच्या खनिकर्म अधिकाऱ्यांकडं लेखी करा. नुसतं ‘आमचं घर हादरतं’ म्हटलं तर समोरचा ‘भूकंप असेल’ म्हणून मोकळा होतो. तारीख-वेळ लिहिलेल्या वहीपुढं तसं म्हणता येत नाही.

आणि वेळा यादीशी जुळल्या, म्हणजे भूकंपच ठरला, तर खाणवाल्याशी भांडण्यात दिवस घालवू नका. घराकडं बघा. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप आणि ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप, दोन्ही पहाटेच्या झोपेत आले. किल्लारीकडं आदल्या वर्षी लहान हादरे जाणवले होते. लहान हादऱ्यांमागं मोठा येतोच असं मुळीच नाही, आणि येणार म्हणून दिवस-वेळ कुणीही सांगू शकत नाही. सांगतो तो खोटं सांगतो. पण किल्लारीत हजारो माणसं गेली ती जमिनीनं गिळली नाहीत. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि वरचं जड माळवद अंगावर आलं. म्हणून माळवदावरचा मातीचा बोजा कमी करा. पलंगावर, पाळण्यावर जड फळी किंवा पेटी टांगू नका. नवं घर बांधताना दाराच्या वरच्या पातळीला चारी भिंतींतून फिरणारा सळई-सिमेंटचा पट्टा गवंड्याकडून घालून घ्याच. कर्ज घेताना त्या पट्ट्याचा खर्च हिशोबात धरा.

तर येत्या बैठकीला एक कोरी वही आणि एक पेन्सिल घेऊन या. पहिल्या पानावर रकाने आखा आणि लिहिती-वाचती एक जण नोंदीसाठी नेमा. ज्या गटांच्या वह्या तीन महिने चालतील त्यांनी त्या क्लस्टरच्या बैठकीला आणाव्यात. सगळ्या गावांच्या वेळा एका कागदावर मांडू. एका गावाच्या वहीतून जे कळत नाही ते दहा गावांच्या वह्यांतून कळतं. मोठ्या देशांचं काम तरी दुसऱ्या कशावर चालतं?

नमस्कार.